जन्माआधीची तारीख

पाण्यातून बाहेर आलं की अंगाला खाज सुटायची. पुरळ नाही, चट्टा नाही. नुसती आतून कुणी सुया टोचाव्यात तशी खाज. शैलजा मानकरने आधी क्लोरीनला दोष दिला, मग टॉवेलला, मग वयाला. अमरावतीच्या महापालिकेच्या जलतरण तलावावर तिने उभी नोकरी काढली होती आणि निवृत्तीनंतरही बायकांची सकाळची बॅच तीच घ्यायची. पन्नाशी ओलांडलेल्या, पाण्याला भिणाऱ्या बायका कठड्याला घट्ट धरून उभ्या राहायच्या. त्यांच्याकडून तो कठडा सोडवून घेणं हे तिचं खरं काम. पोहणं त्यानंतर आपोआप यायचं, असं ती म्हणायची.

डोकं जड राहायला लागलं, चेहरा सदा उन्हातून आल्यासारखा लाल दिसायला लागला, तेव्हा ती डॉ. आबिदा काझींकडे गेली. आबिदा लहानपणी तिच्याच हाताखाली पोहायला शिकलेली. आता शहरातली नावाजलेली रक्तविकारतज्ज्ञ. पण शैलजा समोर आली की अजूनही खुर्चीतून उठायची.

"मॅडम, तुमचं रक्त दाट झालंय," आबिदा म्हणाली. "हाडांतल्या मगजात रक्त तयार होतं ना, तिथली एक पेशी बिघडली. ती थांबायचं विसरली. लाल पेशी बनवतच सुटली. पाणी लागल्यावर खाज येते ती त्यामुळेच."

"क्लोरीन नाही?"

"क्लोरीन बिचारं निर्दोष आहे."

अधूनमधून थोडं रक्त काढून टाकायचं, गोळ्या घ्यायच्या, एवढ्यावर काही दिवस निभावलं. मग आजार पुढे सरकला. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगली, मगज कडक होऊ लागला. सुदैवाने नवा पेशीउपचार निघाला होता. रुग्णाच्याच मगजातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांतला बिघाड दुरुस्त करायचा, आणि त्या पुन्हा शरीरात सोडायच्या. उपचार प्रचंड महाग, पण विमा कंपनीने मंजुरी दिली. नागपूरच्या रुग्णालयात पहिली फेरी झाली. पोट हलकं झालं, चेहऱ्याची लाली उतरली, आणि शैलजा पुन्हा पाण्यात उतरली. बॅचमधल्या बायकांनी त्या दिवशी काठावर ढोकळा आणला होता.

कंपनीचा निरोप आला तो दुसऱ्या फेरीच्या तोंडावर.

पडद्यावर श्रेयस वाघमारे नावाचा दावा परीक्षण अधिकारी होता. मऊ आवाजाचा, सभ्य तरुण. म्हणाला, "मॅडम, नव्या कायद्याप्रमाणे मोठ्या उपचारांच्या आधी व्याधिकाल चाचणी सक्तीची झाली आहे. तुमच्या मगजाचा नमुना लागेल."

व्याधिकाल चाचणीबद्दल शैलजाने बातम्यांत ऐकलं होतं. आजार आहे की नाही, हे ती सांगत नव्हती. आजार कधी सुरू झाला, हे सांगायची. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल करताना बारीकसारीक चुका राहून जातात. त्या बहुतेक निरुपद्रवी असतात, पण त्या जमत राहतात, जवळपास ठरलेल्या गतीने. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून वय काढावं, तसं शेकडो पेशींतल्या या चुका वाचून यंत्र त्या पेशींची वंशावळ मांडायचं. कुठली पेशी कुणाची लेक, कुणाची पणती. मग त्या वंशावळीत मागे मागे जात, जिथे बिघडलेली फांदी निरोगी खोडापासून वेगळी झाली, त्या जागी बोट ठेवायचं. संशोधकांनी हे यंत्र आजार उमलण्याआधीच पकडता यावा म्हणून बनवलं होतं. विमा कंपन्यांना त्यात दुसराच उपयोग दिसला.

"पॉलिसी घेतली तेव्हा मला काही नव्हतं," शैलजा म्हणाली. "तुमच्याच डॉक्टरांनी तपासलं होतं मला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, हे आम्ही पूर्ण मानतो. पण नव्या कायद्यात तुम्हाला माहीत होतं का, हा प्रश्नच उरलेला नाही. आजार तेव्हा होता का, एवढंच बघितलं जातं."

"आणि निघाला, तर पुढचा उपचार बंद?"

"पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द होते, मॅडम. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती निघालीच नव्हती. झालेला खर्च रुग्णालय तुमच्याकडून घेईल. चाचणीला नकार दिला, तरी तेच."

"निघालीच नव्हती? मग इतकी वर्षं हप्ते कशाचे भरले मी?"

"ते तुम्हाला परत मिळतील," तो मनापासून म्हणाला, जणू एवढं ऐकून तिला बरं वाटेल.

शैलजाला भीती वाटली नाही. तरुणपणी तिने राज्य पातळीवर पदकं मिळवली होती. पॉलिसी निवृत्तीच्या वेळची, आणि तेव्हा ती घोड्यासारखी धडधाकट होती. आजार त्यानंतरचाच, याची तिला खात्री होती. नमुना द्यायला ती आबिदाच्या दवाखान्यात गेली, ती जवळजवळ हसतच.

आबिदाने सुई हातात घेतली नाही. दार लावून घेतलं आणि समोर येऊन बसली.

"मॅडम, एक विचारते. तुम्ही आणि गिरिजाताई जुळ्या ना? अगदी एकसारख्या?"

"शाळेत बाईंना आम्ही ओळखू यायचो नाही. का गं?"

"तुम्हा दोघींची वार, म्हणजे पोटातली प्लासेंटा, एकच होती का? आई काही सांगायच्या?"

आई सांगायची. एका वारेवर दोघी वाढल्या, एकीचं खाल्लेलं दुसरीला लागलं, असं कौतुकाने पाहुण्यारावळ्यांना सांगायची. शैलजाने मान हलवली.

आबिदाने सावकाश समजावलं. तुमच्या या आजारात पहिली पेशी बिघडते आणि पुढे कित्येक दशकं गप्प बसून राहते, असं आता कळलंय. पुष्कळ रुग्णांत ती लहानपणीच बिघडलेली असते. काहींत तर आईच्या पोटात. आणि वार एक असेल, तर एकीचं रक्त दुसरीत जातं. बिघडलेली पेशीही त्या रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीच्या मगजात घर करू शकते. ती उमलेल किंवा उमलणारही नाही. पण असते.

"तुमची तारीख जन्मानंतरची आली, तर प्रश्न तुमच्यापुरता," आबिदा म्हणाली. "पण जन्माआधीची आली, तर यंत्रणा आपोआप जुळ्या भावंडाच्या नावावर खूण करते. मग गिरिजाताईंचाही नमुना मागवतील. त्यांची पॉलिसीही पहिल्या दिवसापासून जाईल."

शैलजाचे हात मांडीवर तसेच राहिले.

गिरिजा पुण्यात. बँकेतून निवृत्त झालेली. घरची पॉलिसी तिच्या नावावर, आणि त्याच पॉलिसीवर तिच्या नवऱ्याच्या, मुकुंदरावांच्या, हृदयाला पंप बसवलेला. तो पंप कंपनीच सांभाळायची. दर काही आठवड्यांनी त्याची दुरून तपासणी व्हायची, गरजेप्रमाणे वेग बदलला जायचा. पॉलिसी निघालीच नव्हती असं ठरलं, तर त्या पंपाकडे बघणारं कुणी राहणार नव्हतं.

"म्हणजे मी गिरजेला सांगून मोकळी होते. तिचं ती ठरवेल," शैलजा म्हणाली.

"तिथेच तर गोम आहे." आबिदाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सलग आठ वर्षं झाली की कंपनी पॉलिसीला हात लावू शकत नाही. तुमची अजून झालेली नाहीत. अपवाद एकच. आजाराची शक्यता माहीत असून लपवली असेल, तर. गिरिजाताईंची आठ वर्षं येत्या फाल्गुनात भरतात, तुम्हीच मागे बोलला होता. तोवर त्यांना काही माहीत नसेल, तर त्या सुरक्षित. तुम्ही सांगितलंत, तर त्यांना माहीत झालं. मग कंपनीला कळवलं तरी गेल्या, आणि न कळवता गप्प बसल्या तरी लबाडी केली असं होतं."

"साधं रक्त तपासून घे म्हटलं तर?"

"आता साधं काही राहिलं नाही, मॅडम. कुठलाही रिपोर्ट त्याच यंत्रणेत जातो." मग आबिदा खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही. त्यांना कळायला हवं, असंच मला वाटतं. पण त्या माझ्या पेशंट नाहीत. तुम्ही आहात. तुम्हाला अंधारात ठेवून मी सुई लावू शकत नव्हते."

शैलजा उठली. नमुना न देताच घरी आली.

दोघी बहिणींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. गिरिजा लग्न होऊन पुण्याला गेली, शैलजा आईजवळ राहिली. गिरिजाच्या बोलण्यात मुलीची परदेशातली नोकरी, नवऱ्याचं दुखणं. शैलजाच्या बोलण्यात तलाव. एकीला दुसरीचं काही विचारावंसं वाटेना आणि दुसरीला सांगावंसं. वाढदिवसाला मात्र फोन व्हायचा, कारण तो दिवस दोघींचा होता.

आता शैलजाने विनाकारण फोन केला, तर गिरिजाला आश्चर्यच वाटलं.

"काय गं, सगळं ठीक ना? त्या टेस्टचं काय झालं?"

"बघू. तुझी तब्येत?"

"माझी कसली तब्येत! यांच्यामागे धावण्यात दिवस जातो."

शैलजाने आवाज शक्य तितका साधा ठेवला. "आंघोळ केल्यावर तुला खाज येते का गं?"

"येते की. थंडी सुरू झाल्यापासून फार. कातडी कोरडी पडली, दुसरं काय. मी खोबरेल लावते. का गं?"

शैलजा खिडकीचा गज धरून उभी होती. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काही नाही. मलाही येते म्हणून विचारलं. पाणी भरपूर पीत जा. आणि एका जागी बसून राहू नकोस. चालत जा रोज."

"तू कधीपासून डॉक्टर झाली? मला सांगून राहिली आणि स्वतः एक साधी टेस्ट करत नाही. देऊन टाक ना तो नमुना! तुला तर काही नव्हतं पॉलिसी घेतली तेव्हा. घाबरायचं काय?"

पुण्यात इतकी वर्षं काढूनही बहिणीशी बोलताना गिरिजाची भाषा अमरावतीचीच व्हायची. शैलजाला एरवी त्याचं हसू यायचं.

ठरवायला तिने फार दिवस घेतले नाहीत. एका पारड्यात मुकुंदरावांचा पंप होता. दुसऱ्या पारड्यात गिरिजाच्या दाट रक्तात होऊ शकणारी गुठळी. चार-पाच महिन्यांत आजार फारसा सरकत नाही, असं आबिदा म्हणाली होती. पण 'सहसा' हा शब्द तिने वाक्याला जोडला होता. त्या 'सहसा'वर भार टाकून शैलजाने चाचणीला नकार कळवला.

कंपनीने पॉलिसी रद्द केली. भांडण नाही, आरोप नाही. श्रेयस वाघमारेने वाईट वाटल्याचंही कळवलं. नागपूरच्या रुग्णालयाने दुसरी फेरी थांबवली आणि पहिलीचा खर्च मागितला. त्यासाठी शैलजाने राहता फ्लॅट विकला आणि राजापेठेच्या मागे एक खोली भाड्याने घेतली.

तिला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. पण निघालीच नव्हती म्हणजे काय, हे हळूहळू उलगडत गेलं. महापालिकेच्या तलावात विमा नसलेल्या माणसाला पाण्यात उतरायला परवानगी नव्हती, काठावर उभं राहून शिकवायलाही नाही. फाटकावरच्या यंत्राने तिच्यासाठी दार उघडलं नाही. आत बायका पाण्यात उतरलेल्या होत्या, त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. रखवालदार ओशाळून म्हणाला, "मॅडम, मी साहेबांशी बोलतो." शैलजा म्हणाली, "राहू दे रे," आणि पिशवी खांद्याला लावून परत फिरली.

बॅचमधल्या दोघी-तिघी आधी घरी येऊन गेल्या. त्यांनी चहा घेतला, खोलीकडे पाहिलं, आणि मग हळूच विचारलं, टेस्ट का नाही केली? खरं कारण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात पुण्यापर्यंत पोचायला वेळ लागला नसता. ती म्हणाली, "नको वाटलं." त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय कोण असं करतं, असं गावात बोललं जाऊ लागलं, आणि त्यात कुणाची फारशी चूकही नव्हती.

सरकारी रुग्णालयात रक्त काढून द्यायचे. तिथे कुणी तारीख विचारत नव्हतं. लांबलचक दालनात खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीत एकेक माणूस, आणि बहुतेकांबरोबर कुणीतरी आलेलं. शैलजा एकटी जायची, एकटी यायची. आबिदा फुकट तपासायला तयार होती, पण शैलजाने तिच्याकडे जाणंही कमी केलं. आबिदाशी बोलताना सगळं बोलावंसं वाटायचं, आणि मग घरी आल्यावर खोली आणखीच लहान व्हायची.

गिरिजाचा फोन आला तेव्हा तिला बातमी कळलेली होती.

"फ्लॅट विकला? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"तुझ्यामागे आधीच खूप आहे, गिरे."

"शैले, एक खरं सांग. तुला आधीच माहीत होतं ना? पॉलिसी घेताना?"

शैलजाने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की 'नाही' म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे. माहीत नव्हतं, तर चाचणी का नाकारली? गिरिजा बँकेत कर्जं तपासायची. एक धागा हाती लागला की गाठीपर्यंत जायची तिची सवय होती.

"हो," शैलजा म्हणाली. "माहीत होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी इथे सगळ्यांशी भांडून राहिली, माझी बहीण तशी नाही म्हणून," गिरिजा म्हणाली. "यांच्याशीसुद्धा भांडले. आणि तू…" फोन बंद झाला.

त्या वर्षी वाढदिवसाला फोन आला नाही. शैलजाने दिवसभर फोन जवळ ठेवला. संध्याकाळी खोलीतल्या छोट्या आरशासमोर केस विंचरायला ती उभी राहिली आणि उभीच राहिली. गिरिजा आत्ता अशीच दिसत असेल. कदाचित थोडी जाड. चेहरा लाल झाला असेल का तिचा? कुणाच्या लक्षात येत असेल का? रोज सकाळी जाग आली की तिच्या मनात पहिला विचार तोच यायचा. पुण्याहून वाईट बातमी आली, तर ती मी आणलेली असेल. मग उठून ती स्टोव्हवर चहा ठेवायची, आणि तो दिवसही बातमीशिवाय जायचा.

फाल्गुन उजाडला. गिरिजाच्या पॉलिसीची आठ वर्षं भरल्यावर शैलजाने मुद्दाम आणखी काही दिवस जाऊ दिले. मग पुण्याची गाडी धरली.

दार गिरिजाने उघडलं. शैलजाच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरली ती तिच्या चेहऱ्यावरची लाली.

"ये," गिरिजा म्हणाली. आवाजात ना राग ना ओलावा. "पाणी आणते."

मुकुंदराव दिवाणखान्यात बसले होते, कमरेला पंपाचा पट्टा. "शैलाताई, किती वाळलात तुम्ही," ते म्हणाले. गिरिजाने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली, बँकेत समोर आलेल्या गिऱ्हाइकापुढे बसावं तशी.

शैलजाने सगळं सांगितलं. वार, पेशी, तारीख, आठ वर्षं, आबिदाचं बोलणं. चाचणी का नाकारली. 'माहीत होतं' असं का म्हणाली. बोलताना ती टेबलाकडेच बघत होती. संपलं तेव्हा पंपाची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले होते.

"म्हणजे खाजेचं विचारलंस, तेव्हा तुला माहीत होतं," गिरिजा म्हणाली.

"हो."

"आणि मी खोबरेल लावते म्हणाले."

"हो."

"त्यानंतर मी तुला काय काय बोलले, ते सगळं ऐकून घेतलंस."

"गिरे, माझ्यापुढे दुसरा मार्ग…"

"या महिन्यांत माझ्या डोक्यात गुठळी झाली असती, तर?"

शैलजाची नजर मुकुंदरावांच्या पट्ट्याकडे गेली.

"मी मेले असते, शैले. आणि मरताना तुला खोटारडी समजून मेले असते. ते चाललं असतं तुला?"

"गिरिजा, पुरे," मुकुंदराव म्हणाले. "तिनं घर विकलं आपल्यासाठी."

"कुणी सांगितलं होतं विकायला?" गिरिजा उभी राहिली. "मला विचारलं असतंस, तर मी काय म्हटलं असतं, तुला काय माहीत? कदाचित म्हटलं असतं, जाऊ दे पॉलिसी, दोघी मिळून बघू. कदाचित म्हटलं असतं, तुझं तू बघ, मला यांचा पंप महत्त्वाचा. जे काय म्हटलं असतं ते माझं असतं ना? माझं रक्त, माझा नवरा. सगळं तूच ठरवून टाकलंस."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. शैलजा थोडा वेळ बसली. पाण्याचा पेला तसाच होता, तो तिने पिऊन संपवला, कारण भरलेला पेला टाकून उठणं तिला जमेना.

लिफ्टपर्यंत मुकुंदराव सोडायला आले, भिंतीला धरत धरत. म्हणाले, "तिला जरा वेळ द्या. तुमच्यापेक्षा माझाच राग आला असेल तिला. पंप माझा आहे ना." मग त्यांनी हात जोडले. शैलजाला ते सहन झालं नाही. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती खाली बघत राहिली.

परतीच्या गाडीत तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. गिरिजाचं बोलणं चुकीचं नव्हतं, हे तिला प्रवासात पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं. आपणही चुकलो, असंही वाटेना. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसून अमरावतीपर्यंत आल्या. कंपनीला, गावाला, यंत्राला दोष देता येत होता. पण फाल्गुनात गिरजेला सगळं सांगता येईल, या एका विचाराच्या आधारावर एवढे महिने काढले, तो आधार आता संपला होता. आता वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हे रिकामपण आधीच्या एकटेपणापेक्षा जड होतं.

चैत्र गेला. पाणथरी पुन्हा फुगू लागली होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. सरकारी रुग्णालयातली परिचारिका आता तिला ओळखायला लागली होती, "आजी" म्हणायला लागली होती. शैलजाने तिला दुरुस्त केलं नाही.

एका संध्याकाळी ती भाकरीचं पीठ मळत असताना फोन वाजला. पिठाच्या हातानेच तिने उचलला.

"मी तपासून घेतलं," गिरिजा म्हणाली. "मुद्दाम उशीर केला. आधी तुझ्यावरचा राग जरा निवू दिला, मग दवाखान्यात गेले."

"मग?"

"आहे. तुझंच दुखणं आहे. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं. रक्त काढलं परवा, डोकं एकदम हलकं झालं. गरज पडली तर तो पेशीउपचारही मिळेल म्हणाले. माझी पॉलिसी पक्की आहे. तुला मात्र…" शैलजाने ते वाक्य पुरं करायला मदत केली नाही.

"बरं झालं, गिरे," ती म्हणाली. "लवकर सापडलं ते बरं झालं."

"अजून राग आहे मला."

"असू दे."

"डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी सांगितलं, बहिणीला आहे. म्हणाले, तिच्यावर उपचार काय चालू आहेत? मला सांगताच येईना, शैले. तुझं काय चालू आहे, मला काहीच माहीत नव्हतं." मग ती म्हणाली, "सांग मला. सुरुवातीपासून सांग."

शैलजा खाटेवर बसली. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून सरकारी दालनातल्या खुर्च्यांपासून केली. शेजारच्या खुर्चीत दर वेळी एक म्हातारा असतो, रक्त काढताना डोळे मिटून गाणं म्हणतो. परिचारिकेचा हात हलका आहे. जिना चढताना आता थांबावं लागतं. रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं एवढं आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मध्येच गिरिजा म्हणाली, "थांब, वरण उतू चाललं," आणि तिने फोन ओट्यावर ठेवला असावा. झाकण उचलल्याचा आवाज आला, नळ सुटला, मग बंद झाला. पुण्याच्या त्या स्वयंपाकघरात शैलजा आजवर दोनदाच गेली होती. आता ती त्यातला एकेक आवाज ऐकत होती.

"कुणाशी बोलून राहिली?" लांबून मुकुंदरावांचा आवाज आला. बायकोची भाषा आता त्यांच्याही तोंडात बसली होती.

"शैलीशी," गिरिजा म्हणाली. "अजून चालू आहे आमचं. तुम्ही घ्या वाढून."

शैलजाने पिठाचा हात पदराला पुसला, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि गिरिजा ओट्यावरून फोन उचलण्याची वाट बघत बसली.